अकरा महिन्यांनंतर काय? धंदा की पुढचं शिक्षण?

मित्रमैत्रिणींनो, हॉस्टेलमध्ये रात्री लाईट गेली की तीनच विषय निघतात. पहिला मेसची भाजी, दुसरा क्रिकेट आणि तिसरा म्हणजे ‘पास झाल्यावर काय?’ पहिल्या दोन विषयांवर सगळ्यांकडे उत्तर असतं. तिसऱ्यावर मात्र एकदम शांतता! मग कोणीतरी म्हणतं, “बघू, सध्या तरी एक वर्ष कुठेतरी ट्रेनिंग करू.” आणि सगळे सुटल्यासारखे झोपायला जातात.

हा लेख त्या ‘एक वर्षा’नंतरचा आहे. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे मराठी जरा हॉस्टेलचं आहे, सांभाळून घ्या. पण विषय घरचा आहे. आमच्या नारायणगडाच्या पंचक्रोशीत (बीड जिल्हा, धाकटी पंढरी म्हणतात ती हीच) गेल्या दोन वर्षांत कितीतरी पदवीधर मुलंमुली शाळेत, ग्रामपंचायतीत, सरकारी ऑफिसात ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून लागली. महिन्याला दहा हजार बँकेत येऊ लागले. घरात थोडा आवाज वाढला, पाहुण्यांत मान वाढला. आणि मग मुदत संपली. बाराव्या महिन्यात खात्यावर काहीच आलं नाही. आता काय? धंदा करायचा की पुढे शिकायचं?

आधी हे समजून घेऊ

जगात काही देशांत पदवी घेतली की एक वर्ष देशाची सेवा करावीच लागते. नायजेरियात १९७३ पासून हा नियम आहे. तिथे यादवी युद्ध होऊन गेलं होतं, म्हणून एका भागातल्या पदवीधराला दुसऱ्या भागात पाठवायचं, म्हणजे माणसं जोडली जातील, अशी कल्पना होती. घाना देशातही अशीच राष्ट्रीय सेवा आहे. तिथल्या पोरांनाही वर्ष संपताना हाच प्रश्न पडतो. नायजेरियाने तर २०१२ पासून सेवेच्या वर्षातच धंद्याचं कौशल्य शिकवायला सुरुवात केली, कारण सेवा संपल्यावर नोकरी मिळतेच असं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण तुम्हाला माहीत आहे का, १९७२ साली आपल्या संसदेने राष्ट्रीय सेवा कायदा केला होता, आणि तो मुख्यतः इंजिनियर आणि डॉक्टर यांच्यासाठीच होता! म्हणजे देशाचं लक्ष आपल्यावर तेव्हापासून आहे. डॉक्टरांना महाराष्ट्रात आजही सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्षाचा बॉण्ड असतो, नाही केला तर दहा लाख रुपये दंड. आपल्याला बॉण्ड नाही. आपल्यासाठी दोन दारं आहेत, आणि दोन्ही ऐच्छिक आहेत.

पहिलं दार जुनं आहे: अप्रेंटिसशिप. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आधी आयटीआयवाल्यांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात पदवी आणि डिप्लोमा इंजिनियर आले. आपल्या भागाचं काम मुंबईचं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ बघतं, ज्याला सगळे ‘बोट’ म्हणतात. मुदत साधारण एक वर्ष. २०१९ च्या नियमांत पदवीधराला महिन्याला कमीत कमी ९,००० रुपये ठरले, आणि त्यातला अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवावं अशी शिफारस केली.

दुसरं दार नवं आहे: मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने ती आणली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नसलेला. बारावी पासला ६,०००, आयटीआय आणि डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये, थेट बँक खात्यात. मुदत आधी सहा महिने होती, २०२५ मध्ये ती वाढवून अकरा महिने केली. आमच्या गडाच्या भागातली मुलं लागली ती याच योजनेत.

मिळतं काय, आणि मिळत नाही काय

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, म्हणून स्पष्ट लिहिते.

अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नसतो, तो शिकणारा असतो. त्यामुळे कामगारांचे बहुतेक कायदे त्याला लागत नाहीत. कारखान्यातल्या सुरक्षेच्या आणि आरोग्याच्या तरतुदी मात्र लागतात, आणि कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क असतो. हे लक्षात ठेवा, कारण हेल्मेट मागायला लाजणारे आपल्यात खूप आहेत. वर्ष पूर्ण झाल्यावर प्रावीण्य प्रमाणपत्र मिळतं. नोकरी द्यायचीच असं मालकावर बंधन नसतं.

युवा कार्य प्रशिक्षणातही तसंच. पीएफ, बोनस नाही. लाभ एकदाच घेता येतो. शेवटी प्रमाणपत्र मिळतं. कायम नोकरीचं वचन योजनेत नव्हतं. तरी २०२५ मध्ये ‘आम्हाला कायम करा’ म्हणून ठिकठिकाणी प्रशिक्षणार्थींनी आंदोलनं केली. त्यांचं दुःख खोटं नाही. अकरा महिने शाळेत शिकवलं, ऑफिसचे कागद सांभाळले, लोक ‘सर’ आणि ‘मॅडम’ म्हणू लागले, आणि मग एक दिवस ‘उद्यापासून येऊ नका’. हे कोणालाही लागणारच. पण आपण अजून आत जायचे आहोत. आपल्याला ही गोष्ट आधीच माहीत आहे, तर तयारीही आधीच करता येते ना?

थोडक्यात काय, तर या वर्षात तीन गोष्टी मिळतात: थोडा पैसा, थोडा अनुभव आणि थोडा वेळ. तिन्ही थोड्याच. त्या कशात घालायच्या, हा खरा प्रश्न.

धंदा: हिशोब कागदावर मांडा

‘धंदा करीन पण नोकरी करणार नाही’ हे वाक्य गॅदरिंगच्या नाटकात टाळ्या घेतं. बँकेत मात्र प्रोजेक्ट रिपोर्ट मागतात.

महाराष्ट्रात २०१९ पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. अर्ज जिल्हा उद्योग केंद्राकडे जातो. केंद्र सरकारची तशीच योजना २००८ पासूनची. दोन्हींचा सांगाडा सारखा आहे. एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही खुल्या प्रवर्गातले पुरुष आहात आणि गावात पाच लाखांचं वर्कशॉप काढायचं आहे.

- स्वतःचा हिस्सा १० टक्के, म्हणजे ५०,००० रुपये.
- बँकेचं कर्ज ४,५०,००० रुपये.
- सरकारी अनुदान ग्रामीण भागात २५ टक्के, म्हणजे १,२५,००० रुपये.

महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अपंग, माजी सैनिक वगैरे विशेष प्रवर्गांना स्वतःचा हिस्सा ५ टक्के आणि ग्रामीण अनुदान ३५ टक्के. मुलींनो, लक्ष द्या!

आता गंमत ऐका. हे अनुदान तुमच्या हातात येत नाही. ते बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं अडकवून ठेवतात. धंदा नीट चालू राहिला तरच ते कर्जात वळतं होतं. म्हणजे ‘सव्वा लाख फुकट मिळाले’ असं समजून बुलेट घेणारा फसतो.

उरले ३,२५,०००. यावर ११ टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता सात हजारांच्या थोडा वर जातो. आता स्वतःला विचारा: दुकानाचं भाडं, वीजबिल, पेट्रोल, माल आणि हाताखालच्या पोराचा पगार जाऊन दर महिन्याला सात हजार उरतील का? आणि तुमच्या जेवणाचं काय?

‘दर महिन्याला’ हा शब्द मुद्दाम लिहिला. नारायणगडावर आषाढी एकादशीला मोठी गर्दी होते. ज्यांना पंढरपूरला जाणं जमत नाही ते गडावर येतात. त्या दिवशी चहावाल्यालाही उसंत नसते. ते बघून कोणालाही वाटेल की गडाखाली दुकान टाकलं की झालं. पण बँकेचा हप्ता एकादशी बघून येत नाही, तो दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला येतो. सीताफळाचंही तसंच. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गर काढून विकायचा धंदा चांगला आहे, पण फळ येतं पावसाळा सरताना, दोन-तीन महिनेच. गर वर्षभर विकायचा तर डीप फ्रीजर हवा, आणि फ्रीजरला न जाणारी वीज हवी. म्हणजे मशीनपेक्षा विजेचा खर्च आधी मांडावा लागतो. इथे आपलं इंजिनियरिंग उपयोगी पडतं, नाही तर पडत कुठे?

दुसरं उदाहरण सोलर पंपाचं. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी १० टक्के हिस्सा भरतो (अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के) आणि शेतात पंप बसतो. आमच्याकडे रानोरान पॅनल दिसतात. मग रिपेअरिंगचं दुकान काढावं का? थांबा. त्या पंपांची पाच वर्षं देखभाल करायची जबाबदारी बसवणाऱ्या कंपनीवर असते. शेतकरी पाच वर्षं तुम्हाला पैसे का देईल? म्हणजे आज कर्ज काढून दुकान टाकलं तर गिऱ्हाईक २०२९-३० नंतर! पण त्याच कंपन्यांना तालुक्यात सर्व्हिसला माणसं लागतात. आधी त्यांच्यासाठी काम करा, हात बसवा, शेतकऱ्यांशी ओळखी करा. पाच वर्षं संपतील तेव्हा गावात त्या पंपाची नस ओळखणारे तुम्हीच असाल.

आणखी दोन गोष्टी. ही अनुदानं नव्या उद्योगालाच मिळतात, आधीपासून चालू असलेल्याला नाही. म्हणून ‘आधी सुरू करू, अनुदानाचं मग बघू’ असं करू नका. आधी दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये रविवारी जाऊन शिका. दुसरी गोष्ट, आपल्या भागात अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याची खूप चर्चा असते. त्यात आधी आपण हप्ता वेळेवर भरायचा, मग व्याज परत मिळतं. हप्ता चुकला की परतावाही अडला. म्हणजे इथेही शिस्त पहिली, मदत नंतर. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांनी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राची चौकशी करावी. १९८८ पासून ही संस्था हेच शिकवते, आणि मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे आपल्याला जवळच.

पुढचं शिक्षण: कशासाठी, हे आधी

आता दुसरा रस्ता. एम.टेक. करायचं तर गेट परीक्षा. १०० मार्क, तीन तास, फेब्रुवारीत. फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुटतात. गेटमधून मान्यताप्राप्त कॉलेजात पूर्णवेळ एम.टेक.ला गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड, २४ महिने. म्हणजे दोन वर्षांत २,९७,६०० रुपये. ट्रेनिंगच्या दहा हजारांपेक्षा हे जास्त आहे, हे कित्येकांना माहीतच नसतं! पैसा कधी उशिरा येतो, म्हणून पहिल्या काही महिन्यांची सोय हाताशी ठेवावी.

एमबीए करायचं तर राज्याची सीईटी. तिथे स्टायपेंड नाही, फी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात निवडक चांगल्या संस्थांत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळतं. ‘निवडक’ हा शब्द महत्त्वाचा. नाव न ऐकलेल्या कॉलेजच्या एमबीएसाठी बापाने एकर विकू नये. संशोधनाची आवड असेल तर सारथी, बार्टी आणि महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. अधिछात्रवृत्ती आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघाव्यात.

पण खरं सांगायचं तर बरेच जण पुढे शिकतात ते शिकायची हौस म्हणून नाही, तर ‘सध्या काय करतो?’ या प्रश्नाला उत्तर हवं म्हणून. लग्नात काकू विचारतात, तेव्हा ‘एम.टेक. करतो’ म्हणता येतं. हे कारण पुरेसं नाही. ट्रेनिंगच्या वर्षात काम करताना तुम्हाला एखाद्या ठिकाणी अडल्यासारखं झालं, म्हणजे ‘हे मशीन असं का वागतं ते मला कळत नाही, आणि कळलं पाहिजे’ असं वाटलं, तर पुढे शिका. ते वाटलंच नाही, तर दोन वर्षांनी तुम्ही पुन्हा याच प्रश्नापाशी उभे असाल, फक्त वय वाढलेलं असेल.

तिसरा रस्ता, ज्याचं कोणी नाव घेत नाही

अकरा महिने संपल्यावर आपल्याकडची बरीच मुलं धंद्यालाही जात नाहीत आणि कॉलेजलाही नाही. ती पुण्याला जातात. अभ्यासिकेत खुर्ची, कॉटबेसिसवर जागा, डबा, आणि ‘यंदा नक्की’. स्पर्धा परीक्षा देणं वाईट नाही. त्यातून मोठे झालेले लोक आपल्याच जिल्ह्यात आहेत. पण गावाकडे आई-वडील सहा महिने उसाच्या फडात कोयता चालवतात आणि त्या पैशातून खुर्चीचं भाडं जातं, हे विसरता कामा नये. जायचं तर तारीख ठरवून जा. किती प्रयत्न, किती वर्षं, किती रुपये, हे घरी बसून, वडिलांसमोर कागदावर लिहा. मुलींना तर घरून आपोआपच तारीख दिली जाते, आणि ती अभ्यासाची नसते. म्हणून आपली तारीख आपणच आधी मांडलेली बरी.

मग करायचं काय?

मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. कर्ज मात्र सही केल्या दिवसापासून मागे लागतं. म्हणजे एक रस्ता थांबून वाट बघतो, दुसरा बघत नाही. म्हणून जो वाट बघतो त्याची सोय आधी करून ठेवावी आणि मग दुसऱ्याला हात घालावा. समजा ट्रेनिंग ऑगस्टमध्ये सुरू झालं, तर वेळापत्रक असं करता येईल:

- पहिला-दुसरा महिना: गेटचा फॉर्म भरा. बँकेत वेगळं बचत खातं काढा.
- तिसरा ते सहावा: संध्याकाळी दोन तास अभ्यास. रविवारी ज्या धंद्याचा विचार आहे, तिथे जाऊन नुसतं बघा. गिऱ्हाईक किती येतात, उधारी किती राहते, ते वहीत लिहा.
- सातवा: गेट द्या.
- आठवा-नववा: निकाल हातात. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन चौकशी करा. बँकेच्या मॅनेजरला भेटा, कर्ज मागायला नाही, विचारायला.
- दहावा-अकरावा: वहीतले आकडे घेऊन घरी बसा आणि ठरवा.

आणि बचत? दहा हजारांतले साडेचार हजार दर महिन्याला बाजूला टाकले तर अकरा महिन्यांत ४९,५०० रुपये होतात. मघाच्या उदाहरणातला ‘स्वतःचा हिस्सा’ आठवतो? ५०,०००! म्हणजे घरी हात न पसरता तो जमतो. एम.टेक.ला गेलात तर हेच पैसे पहिल्या सहा महिन्यांची मेस भागवतील. दोन्हीकडे उपयोगी पडणारी अशी ही एकच गोष्ट आहे. अर्थात घरी राहून काम मिळालं तरच हे जमेल. शहरात खोली घेऊन नऊ-दहा हजारांत राहायचं तर बचत विसरा. म्हणून ट्रेनिंगची जागा निवडताना मोठ्या नावासोबत खोलीचं भाडंही बघा.

घरी पैसे द्यावे लागतात, हेही मला माहीत आहे. बहिणीचं शिक्षण, आईचं औषध, सोसायटीचं कर्ज. अशा वेळी साडेचार हजार जमणार नाहीत, हजारच जमतील. मग पाच लाखांचं वर्कशॉप नको, एक लाखाचं काम बघा. हजार रुपये अकरा महिने म्हणजे ११,०००, आणि एक लाखाचा दहा टक्के हिस्सा होतो १०,०००. लहान धंद्यात अब्रू जात नाही. हप्ते थकले की जाते.

आपले सर लोक सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहिणाऱ्यांना काय म्हणतात ते सर्वांना ठाऊक आहे. हे वर्षही तसंच आहे. अकराव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जागं झालं तर कॉपी करायलाही कोणाचं जर्नल मिळत नाही, कारण प्रत्येकाचं घर वेगळं, कर्ज वेगळं आणि डोकंही वेगळं.

तेव्हा मित्रांनो, फायनलच्या मुलांनी हे पान वाचून ठेवावं, सेकंड इयरवाल्यांनी फाडून ठेवावं (लायब्ररीच्या कॉपीतलं नाही हं, नाहीतर ग्रंथपाल सर मला शोधत येतील). आणि पुढच्या वेळी लाईट गेल्यावर तिसरा विषय निघाला की “बघू” म्हणायच्या आधी एक वही काढा. पहिल्या पानावर तीन आकडे लिहा: घरी किती द्यावे लागतात, बाजूला किती टाकता येतात, आणि किती महिने हातात आहेत. उत्तर लगेच मिळणार नाही. पण पुढचं भांडण तरी आकड्यांवर होईल!